लेणे आणि पोढी

शहरात बांधकाम नसलेली, झुडपे माजलेली जागा दिसली की आपण तिला सहज ‘पडीक’ म्हणतो. नोकरीनिमित्त मुंबईत स्थायिक झाल्यावर मी अशा जागांतून हिंडू लागलो, आणि हा शब्द वापरताना संकोच वाटू लागला.

अंधेरी पूर्वेला महाकाली मार्गावरून रोज हजारो नोकरदार ये-जा करतात. त्याच टेकडीवर कोंडिविट्याची एकोणीस लेणी आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात खडकातच गोल झोपडीसारखी खोली कोरली असून तिच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप आहे. या रचनेचे नाते बिहारमधील बराबर टेकड्यांवरील सुदामा लेण्याशी जुळते. माझ्या कार्यालयातील बहुतेकांनी मात्र तिथे कधी पाऊल ठेवलेले नव्हते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी अधिक परिचित आहे. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह पर्यटक मूर्ती पाहून संपवतात. एका पावसाळ्यात मात्र माझे लक्ष पाण्याकडे गेले. कातळावर कोरलेल्या पन्हळींतून डोंगराचे पाणी लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरत होते. येथील ब्राह्मी शिलालेखांत ‘लेण’ आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, यांचे दान अनेकदा एकत्रच नोंदलेले आहे. दात्यांना निवारा आणि पाणी वेगळे वाटले नाही. आणि पाणी म्हणजे ते अडवून मुरवणारा डोंगर व त्यावरचे रान.

कान्हेरीच्याच एका लेखात कल्याणच्या व्यापाऱ्याने लेण्यासोबत ‘मंगलठाण’ गावचे शेत संघाला दिल्याची नोंद आहे. अभ्यासक हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे मानतात. त्या मागाठाण्यातही बौद्ध लेणी आहेत. पण ती आज दाट वस्तीने वेढलेली असून त्यांचे कोरीव काम झिजत चालले आहे. तेथील रहिवाशांना दोष देणे सोपे आहे, परंतु त्यांनाही निवारा हवाच होता. जागा ‘रिकामी’ ठरली तेव्हा तिचा इतिहास सांगायला कोणी पुढे आले नाही, हे दुःख मोठे आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे.

आता अशा स्थळांविषयी जागृती होत आहे, ही समाधानाची गोष्ट. तरीही एक भीती वाटते. संवर्धन म्हणजे झुडपे तोडणे, फरशी बसवणे, हिरवळ लावणे आणि दिवे सोडणे, अशी आपली समजूत झाली आहे. संरक्षणासाठी कुंपण लागेल, हे मला मान्य आहे. पण भोवतीचे रान साफ करून उरलेले लेणे हे अर्धेच लेणे होय. पावसाळ्यात हिरवे गवत तुडवले जाऊ नये, बारीक जीव चिरडले जाऊ नयेत, म्हणून भिक्खूंना वर्षावासाचा नियम घालून दिला गेला, असे विनयपिटक सांगते. ज्यांच्या वर्षावासासाठी ही लेणी कोरली गेली, त्यांच्या स्मृतीसाठी आपण तेच गवत उपटावे, हे विसंगत आहे.

आपल्या विद्यालयाला म्हणूनच एक विनंती आहे. मुलांची एक सहल पावसाळ्यात काढावी. जवळच्या गावातील लेणे असो वा पडकी बारव, तिथे मुलांनी प्रथम पाणी कुठून येते ते शोधावे, भोवतीच्या झाडांची नावे गावकऱ्यांना विचारून लिहावीत, आणि ब्राह्मीची चार अक्षरे तरी लेखावर बोट न लावता वाचावीत. वसतिगृहात वाढलेल्या मुलांना एका छपराची आणि भरलेल्या पिंपाची किंमत ठाऊक असते. ‘लेण’ आणि ‘पोढी’ हे शब्द त्यांना फार समजावून सांगावे लागणार नाहीत.