शून्याची मिरवणूक

दोस्तांनो, मिरवणूक केव्हा काढतात? गणपती आले की काढतात, गणपती निघाले की काढतात. गावातल्या एखाद्या मुलीनं कुस्तीत पदक आणलं की ट्रॅक्टरवर बसवून काढतात. २०२४ साली आपला क्रिकेट संघ विश्वचषक जिंकून मुंबईत उतरला, तेव्हा मरीन ड्राइव्हवर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. म्हणजे काहीतरी मिळालं की मिरवणूक, असा आपला साधा हिशेब!

मग आता सांगा बघू, वर्षभरातले सगळेच्या सगळे सामने हरलेल्या संघासाठी कोणी मिरवणूक काढेल का?

काढली ना! ६ जानेवारी २०१८ च्या शनिवारी, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात. हाडं गोठवणारी थंडी, आणि त्या थंडीत हजारो माणसं स्टेडियमभोवती गोल गोल फिरत होती. गोल का? तर त्यातून भलं मोठं शून्य तयार व्हावं म्हणून! त्यांच्या लाडक्या ‘क्लीव्हलंड ब्राऊन्स’ संघानं १६ पैकी १६ सामने हरले होते. लोकांच्या हातात फलक होते, काहींनी सोंगं घेतली होती. आणि बरं का, याच निमित्तानं त्यांनी गरिबांच्या अन्नपेढीसाठी मदतही गोळा केली.

थांबा, हा खेळ कोणता ते आधी सांगतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाडजूड गाद्या, आणि पायापेक्षा हाताचंच काम जास्त. चढाईचं सूत्र ज्याच्या हातात असतं त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा, हे तो क्षणात ठरवतो. क्वार्टरबॅक चांगला नसेल तर बाकीचे दहा जण कितीही दणकट असोत, गाडी पुढे सरकत नाही. तिथल्या राष्ट्रीय लीगमध्ये असे ३२ संघ आहेत.

ब्राऊन्सचे चाहते म्हणजे अजब मंडळी. स्टेडियममध्ये एका टोकाला कुत्र्याचे मुखवटे घालून बसतात आणि जोरजोरात भुंकतात! गंमत वाटली ना? पण त्यांची कहाणी ऐकलीत तर हसू जरा मावळेल. या संघानं शेवटचं अजिंक्यपद मिळवलं १९६४ साली. पुढे १९९५ मध्ये मालकानं जाहीर केलं की संघ उचलून बाल्टिमोर शहरात नेणार. विचार करा, तुमच्या शाळेचा संघ एके दिवशी दुसऱ्याच गावाचा झाला तर? लोकांनी निषेध केला, सह्यांच्या मोहिमा काढल्या. शेवटी तडजोड अशी झाली की खेळाडू आणि बाकीचा लवाजमा बाल्टिमोरला जाईल, पण ब्राऊन्स हे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडकडेच राहील. तीन वर्षं शहरात संघच नव्हता. १९९९ मध्ये नव्यानं संघ उभा राहिला, आणि त्यानंतर बहुतेक वर्षं तो हरतच राहिला.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. २०१६ च्या जानेवारीत संघबांधणीची सूत्रं साशी ब्राऊन यांच्याकडे आली. (आडनाव ब्राऊन आणि संघही ब्राऊन्स, हा निव्वळ योगायोग!) हार्वर्ड विद्यापीठात कायदा शिकलेले हे गृहस्थ. त्यांच्या खुर्चीचं नाव लांबलचक होतं, पण काम जनरल मॅनेजरचं. हे काम म्हणजे काय? लग्नघरात स्वयंपाक आचारी करतो. पण बाजारातून काय आणायचं, किती पैसे खर्चायचे, हे घरातला कोणी जाणता माणूस ठरवतो. संघाचा कोच म्हणजे आचारी, आणि जनरल मॅनेजर म्हणजे बाजारहाट करणारा. भाजी बेचव झाली की भांडण ठरलेलं. आचारी म्हणतो सामान वाईट, बाजारहाट करणारा म्हणतो हाताला चव नाही!

या लीगमध्ये कॉलेजातून येणारे नवे खेळाडू वाटून घेण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. तिला म्हणतात ड्राफ्ट. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो, जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये तसं नाही. मागच्या हंगामात जो संघ शेवटी आला, त्याला पहिली निवड! दुबळ्यांना वर यायची संधी मिळावी, हा हेतू. आणि हे निवडीचे हक्क संघ एकमेकांशी अदलाबदलही करू शकतात, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा.

साशी ब्राऊन यांचा बेत असा होता. आज मोठी खरेदी करायची नाही. जुन्या, महागड्या खेळाडूंना जाऊ द्यायचं. हातातला एक मोठा हक्क देऊन त्याच्या बदल्यात अनेक हक्क घ्यायचे. एकच तिकीट काढून नशीब अजमावण्यापेक्षा दहा तिकिटं बरी, असा विचार. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन टाकली आणि बदल्यात पुष्कळ हक्क घेतले. त्या वर्षी त्यांनी एकूण १४ नवे खेळाडू घेतले.

२०१७ मध्ये तर त्यांनी कमालच केली. ह्यूस्टनच्या संघाला एका खेळाडूचा १ कोटी ६० लाख डॉलरचा पगार जड झाला होता. साशी ब्राऊन म्हणाले, हे ओझं आम्ही घेतो, पण सोबत तुमचा पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा हक्क द्या! म्हणजे खेळाडू नको होता, हवा होता तो कागदावरचा हक्क.

हे सगळं कागदावर छान. मैदानावर काय झालं? २०१६ मध्ये १६ सामन्यांत एक विजय. (ती शून्याची मिरवणूक खरं तर त्याच वर्षी निघायची होती. पण २४ डिसेंबरला संघ एक सामना जिंकून बसला आणि बेत फसला!) २०१७ मध्ये पहिले १२ सामने ओळीनं हरले. अखेर ७ डिसेंबर २०१७ रोजी, हंगाम संपायच्या आतच, मालकांनी साशी ब्राऊन यांना नारळ दिला. त्यांच्या नावावर २८ सामने आणि एक विजय. त्यांच्या जागी जॉन डॉर्सी आले.

आणि शहरात वाद पेटला. घराघरात, ऑफिसात, रेडिओवर.

एक पक्ष म्हणे, “बरं झालं गेले! बिया साठवत बसले, पेरलं काहीच नाही. फिलाडेल्फियाला जो हक्क दिला, त्यातून त्यांनी कार्सन वेंट्झ हा क्वार्टरबॅक घेतला. ह्यूस्टनला जो दिला, त्यातून त्यांनी डेशॉन वॉटसन घेतला. आपल्याला हवा होता क्वार्टरबॅक, आणि आपण दोन वर्षांत दोन क्वार्टरबॅक दुसऱ्यांना वाटले!”

दुसरा पक्ष म्हणे, “अरे, आंब्याची कोय लावली आणि दुसऱ्या वर्षी फळ नाही म्हणून झाड उपटता? येत्या ड्राफ्टमध्ये आपल्याकडे पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे तीन हक्क आहेत. एवढं धन कोणाकडे आहे? ज्यानं साठवलं त्यालाच वापरू द्या!”

तुम्ही कोणत्या पक्षात? लगेच उत्तर देऊ नका. आधी दोन खेळाडूंची गोष्ट ऐका.

पहिला जो थॉमस. २००७ साली संघात आला. ज्या दिवशी ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं, त्या दिवशी समारंभ सोडून हा पठ्ठ्या वडिलांबरोबर मासे पकडायला गेला होता! क्वार्टरबॅकला वाचवणं हे त्याचं काम. संघाची चढाई सुरू असताना तो एक क्षणही मैदानाबाहेर बसला नाही. एक हंगाम नव्हे, दहा हंगाम! सलग १०,३६३ डावपेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हा ही साखळी तुटली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्यानं निवृत्ती घेतली. पुढे २०२३ मध्ये त्याला खेळातल्या सर्वोच्च सन्मानाच्या दालनात जागा मिळाली. पण एवढ्या वर्षांत प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. अशा माणसाला “अजून दोन-तीन वर्षं थांब” हे कसं सांगणार?

दुसरा डेशोन कायझर. २०१७ मध्ये आला तेव्हा २१ वर्षांचा. कच्चा संघ, सोबतीला अनुभवी माणसं थोडी, आणि क्वार्टरबॅकची सगळी जबाबदारी याच्या अंगावर. त्यानं सुरुवात केलेले पंधराच्या पंधरा सामने संघ हरला. पुढच्या मार्चमध्ये त्याला दुसऱ्या संघात धाडलं. चार वर्षांनी फळ येईल म्हणताना मधल्या वर्षांत मैदानावर मार खाणारी माणसं खरी असतात, हे विसरून चालत नाही. शून्याच्या मिरवणुकीवर काही खेळाडू चिडले तेही यामुळेच. त्यांच्या दृष्टीनं ती थट्टा होती.

मग मुद्दामच हरत होते का? हा प्रश्नही पुढे उठला. त्या काळच्या कोचनं क्लबवर आरोप केले. लीगनं बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली, आणि क्लबनं हरण्यासाठी आमिष दाखवल्याचा पुरावा सापडला नाही, असं २०२२ मध्ये जाहीर केलं. पण मुद्दाम हरणं वेगळं, आणि जिंकण्याची घाई न करणं वेगळं. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात.

बरं, पुढे काय झालं? २०१८ च्या ड्राफ्टमध्ये डॉर्सी यांनी शेवटी आल्यामुळे मिळालेल्या पहिल्या निवडीतून बेकर मेफिल्ड हा क्वार्टरबॅक घेतला. ह्यूस्टनकडून आलेल्या चौथ्या निवडीतून डेन्झेल वॉर्ड घेतला. आणि तो १ कोटी ६० लाख डॉलरचा हक्क आठवतो? त्यातून निक चब आला, जो पुढे संघाचा सर्वांत लाडका धावपटू ठरला. २० सप्टेंबर २०१८ रोजी, तब्बल ६३५ दिवसांनी, ब्राऊन्सनं सामना जिंकला. त्या हंगामात ७ विजय मिळाले.

म्हणजे साशी ब्राऊन बरोबर होते? थांबा. डॉर्सीही २०१९ च्या अखेरीस गेले. मग आले अँड्र्यू बेरी, जे साशी ब्राऊन यांच्या काळात याच क्लबमध्ये त्यांच्या हाताखाली खेळाडू निवडीचं काम करत होते. २०२० च्या हंगामात संघानं ११ सामने जिंकले, आणि १० जानेवारी २०२१ रोजी पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर ४८-३७ असं हरवलं. १९९९ मध्ये परतल्यापासूनचा हा बाद फेरीतला पहिला विजय! २०१७ च्या ड्राफ्टमध्ये साशी ब्राऊन यांनी सर्वांत आधी निवडलेला माइल्स गॅरेट २०२३ च्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण म्हणून गोष्ट गोड झाली असंही नाही. २०२४ च्या हंगामात संघाला १७ पैकी तीनच सामने जिंकता आले. आणि साशी ब्राऊन? ते २०२२ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचे अध्यक्ष झाले. हो, तोच संघ, जो क्लीव्हलंडमधून उठून गेला होता!

तर दोस्तांनो, मला काय वाटतं सांगू? “धीर धरा” हे दोन शब्द फार मोठे आहेत. खरा कष्ट करणाराही ते म्हणतो आणि काम टाळणाराही तेच म्हणतो. ओळखायचं कसं? त्यानं काय साठवलं आहे ते मोजून दाखवता येतं का, हे विचारा. साशी ब्राऊन यांना ते दाखवता येत होतं. म्हणून त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं. पण साठवलेलं केव्हा वापरायचं याचंही वेळापत्रक लागतं, आणि या काळात कोणाला सोसावं लागणार आहे त्याचा हिशेब लागतो. तो त्यांच्याकडे पुरेसा नव्हता, असं मला जो थॉमस आणि कायझरकडे पाहून वाटतं. तुम्हाला वेगळं वाटेल, वाटू द्या.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. चाचणीत मार्क कमी आले की आपण लगेच क्लास बदलतो, शिक्षक बदलतो, कधी कधी वेळापत्रकच फाडून नवं चिकटवतो. क्लीव्हलंडच्या मालकांनीही काही वर्षांत एकामागून एक माणसं बदलली. दर वेळी नवा माणूस आला की पहिला पाया उकरला गेला. बदल करायचाच असेल तर जरूर करा, पण जुन्यातलं काय चांगलं होतं ते आधी मुलांनाच विचारून एका कागदावर लिहून ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. जेवताना घरात दोन पक्ष पाडा. एका पक्षानं साशी ब्राऊन यांना ठेवायचं, दुसऱ्यानं काढायचं. अट एकच: ७ डिसेंबर २०१७ पर्यंत जे ठाऊक होतं तेवढंच वापरायचं. चब, वॉर्ड, पिट्सबर्गचा विजय, यातलं काही बोलायचं नाही. निकाल ठाऊक झाल्यावर शहाणपण सांगायला कोणालाही येतं हो! कोण जिंकलं आणि कोणत्या मुद्द्यावर, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. आजी-आजोबा कोणत्या पक्षात गेले, तेही लिहायला विसरू नका.

भेटू पुढच्या आठवड्यात!