सायकल महाग नको, मापाची हवी

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, याचा डॉक्टर म्हणून मला अभिमान वाटतो. आपल्याकडेही लांब पल्ल्याची हौस वाढते आहे; पण सायकल घेताना किमतीकडे पाहिले जाते, शरीराकडे नाही.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. अंतर साधारण संभाजीनगरहून अजिंठ्याला जाऊन परत येण्याएवढे. इतका वेळ बसायचे तर सीट फार खाली असल्यास गुडघा पुढून दुखतो, फार उंच असल्यास मागून. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. हँडल लांब पडले की तळहातावर भार येऊन करंगळी बधिर होते. म्हणून आधी मापाची फ्रेम, कार्बनचा विचार नंतर.

दौलताबादच्या घाटासाठी हलके गिअर, थोडे रुंद टायर, पाण्याच्या दोन बाटल्या, जादा ट्यूब व पंप घ्यावा. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चमकणारे जाकीट यांत काटकसर नकोच. रात्री ट्रकचालकाला तुमची महागडी फ्रेम दिसत नाही.

चाळिशीनंतर रक्तदाब, साखर व ईसीजी तपासूनच सुरुवात करावी. पन्नास किलोमीटरमध्येच हात किंवा जांघ बधिर होत असेल, तर आधी माप दुरुस्त करा, मगच पुढचा पल्ला गाठा.