एक जूनला जन्मलेली माणसं

शुक्रवारी संध्याकाळी महाप्याच्या हापिसात माझं आणि आमच्या आर्किटेक्टचं कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर एक्सएमएल स्कीमा. हसू नका मंडळी, माणसं याहून फालतू गोष्टींवरून भांडतात :-)

झालं असं, की एका क्लायंटकडून आमच्याकडे रोज हजारो लोकांच्या माहितीची एक्सएमएल फाईल येणार आहे. ती तपासायचा स्कीमा आर्किटेक्टने लिहिला होता आणि रिव्ह्यू माझ्याकडे होता. उघडून बघतो तर सगळे रकाने सक्तीचे. जन्मतारीख सक्तीची, वडिलांचं नाव सक्तीचं, आडनाव सक्तीचं, फ्लॅट नंबरसुद्धा सक्तीचा. मी म्हटलं, "अरे, एखाद्याकडे नसेल तर?" तो म्हणाला, "नसेल तर रेकॉर्ड रिजेक्ट. कचरा आत येता कामा नये."

ऐकायला एकदम बरोबर वाटतं. मलाही दहा वर्षांपूर्वी वाटलं असतं. आता वाटत नाही, आणि त्याला कारण माझी थोरली मावशी.

मावशी घणसोली गावठाणात राहते. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. "स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, भाताची लावणी चालली होती," एवढंच तिला तिच्या आईने सांगितलेलं. म्हणजे १९४८, आणि बहुधा जुलै. आता ही माहिती काही कमी नाही. साल आहे, ऋतू आहे. पण फॉर्मला दिवस हवा. मग शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलं १ जून. पुढे काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या ऑनलाईन फॉर्मवर नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने फक्त साल टाकून बघितलं. फॉर्म पुढे जाईना. तो म्हणाला, "आजी, १ जानेवारी टाकतो, सगळे तेच टाकतात." टाकली.

काका गेल्यावर फॅमिली पेन्शनची वेळ आली, तेव्हा या दोन तारखा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. एका रेकॉर्डमध्ये १ जून, दुसऱ्यात १ जानेवारी. सिस्टीम म्हणाली जुळत नाही. दोन महिने पैसे अडकले. घणसोलीहून बेलापूरला तीन खेपा, रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. शेवटी अ‍ॅफिडेव्हिट. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये काय लिहिलं? तर माझी खरी जन्मतारीख १ जून १९४८ आहे! लावणीच्या दिवसांत जन्मलेल्या बाईने शपथेवर सांगितलं, की आपण पाऊस सुरू व्हायच्या आधी जन्मलो. दोन्ही तारखा खोट्या, दोन्ही स्कीमाच्या दृष्टीने व्हॅलिड.

आणि मावशी एकटी नाही. महाराष्ट्रात आधीच्या पिढ्यांतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं वय बसायला हवं, रकाना रिकामा चालत नाही, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे. दर वर्षी त्या दिवशी फोनवर शुभेच्छांचा पूर येतो आणि आपण हसतो. पण नीट बघितलंत तर ही सक्तीच्या रकान्याची सगळ्यात जुनी बग आहे. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीची. गुरुजींचा नाईलाज होता. आपला काय आहे?

तर माझा मुद्दा असा. जो रकाना रिकामा ठेवता येत नाही, तो माणसाला खोटं बोलायला शिकवतो. आणि व्हॅलिडेशन पास झालेलं खोटं हे साध्या कचऱ्यापेक्षा वाईट, कारण कचरा निदान कचऱ्यासारखा दिसतो. रिकामा रकाना सांगतो की इथे माहिती नाही. १ जून काहीच सांगत नाही. त्यातले खरोखर १ जूनला जन्मलेले किती आणि गुरुजींनी जन्माला घातलेले किती, हे कुठलीही क्वेरी लिहून शोधता येणार नाही.

आर्किटेक्ट म्हणाला, "स्कीमात रिकाम्या तारखेची सोयच नाही." हे मात्र साफ चूक. डब्ल्यूथ्रीसीने एक्सएमएल स्कीमा २ मे २००१ ला जाहीर केला, आणि ही सोय त्यात पहिल्या दिवसापासून आहे. फक्त 'नाही' हे तीन प्रकारचं असतं, हे आपण समजून घेत नाही.

पहिला प्रकार, टॅगच आलेला नाही. त्यासाठी मिनऑकर्स शून्य ठेवायचं. दुसरा, टॅग आलाय पण आत काही नाही. इथे भलेभले घसरतात. मिनऑकर्स शून्य केलं की रिकामं चालेल असं वाटतं, पण समोरचा रिकामा टॅग पाठवतो आणि फाईल आपटते. कारण टॅग आला म्हटल्यावर त्यातला मजकूर तारीखच असायला हवा, आणि रिकामी स्ट्रिंग म्हणजे तारीख नव्हे. यावर उपाय युनियन टाईप. एक सदस्य तारीख, दुसरा शून्य लांबीची स्ट्रिंग, दोन्हीपैकी काहीही चालेल. पॅन नंबरसारखा पॅटर्न असेल तर अख्खा पॅटर्न कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह लावलं तरी काम होतं. तिसरा प्रकार निल. स्कीमात एलिमेंट निलेबल ठेवायचं आणि पाठवणाऱ्याने निल बरोबर ट्रू असं स्पष्ट सांगायचं. हा मला सगळ्यात आवडतो, कारण यात पाठवणारा म्हणतो, "विसरलो नाही, खरंच नाहीये." आणि निल असलेल्या एलिमेंटला अ‍ॅट्रिब्यूट लावता येतात. म्हणजे सोबत कारणही मागता येतं: माहीत नाही, लागू नाही, सांगायचं नाही.

मावशीसाठी तर एवढीही गरज नाही. स्कीमात पूर्ण तारखेचा टाईप आहे, तसा फक्त साल-महिन्याचा आहे आणि फक्त सालाचाही आहे. तिघांचं युनियन करा. १९४८ लिहा, विषय संपला. आपल्याकडे आधारवाल्यांनी हेच केलं. नक्की तारीख माहीत नसेल तर अंदाजे वय घेतात आणि कार्डावर नुसतं जन्मसाल छापतात. ऑथेंटिकेशनच्या एक्सएमएलमध्येही जन्मतारखेच्या जागी नुसतं साल चालतं, आणि तारीख पडताळलेली, सांगितलेली की अंदाजे, हे वेगळं नोंदवता येतं. शंभर कोटींच्या वर लोकांची नोंद ठेवणाऱ्यांना जे परवडलं, ते आपल्या टीमला परवडत नाही?

आता नावाकडे या. पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचंच नाव दिलं तरी चालेल, हे परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं. पॅनसाठी एकल आईच्या मुलांना वडिलांच्या नावाची सक्ती ५ डिसेंबर २०१८ पासून गेली. तोवर ही मुलं काय भरत होती, विचार करा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम असेल. निर्णय चांगलाच आहे. पण ज्यांनी आयुष्यभर नाव-वडील-आडनाव असे तीनच डबे मांडले, त्यांचे स्कीमे एका रात्रीत जुने झाले. आणि ज्याला आडनावच नाही त्याचं काय? पासपोर्टवर एकच नाव असलं की अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईने एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाही असं कळवलं, तेव्हा आपल्याकडे किती धावपळ उडाली! माणसाचं नाव पूर्ण असतं, अपुरा असतो तो डबा.

कडक पॅटर्नचंही तेच. नवी मुंबईचा पिन म्हणून कुणी '४०० ने सुरू होणारे सहा अंक' असा नियम लिहिला, तर वाशीचा ४००७०३ आणि बेलापूरचा ४००६१४ पास होतील आणि खारघरचा ४१०२१० बाहेर. खारघरवाले काय करतील? शेजारचा कुठला तरी पिन टाकतील. झाली पत्राची दैना.

याचा अर्थ सगळं स्ट्रिंग करून गेट सताड उघडं टाका असा नाही हं. मी कडकपणाच्या विरुद्ध नाही. आयएफएससीत चार अक्षरं, मग शून्य, मग सहा अक्षर-अंक. तिथे एक ढिला कॅरॅक्टर चालू देऊ नका. कारण तो साचा देणाऱ्यानेच ठरवलाय. ज्याचा साचा एखाद्या ऑफिसने ठरवला तिथे बिनधास्त कडक राहा. ज्याचा साचा आयुष्याने ठरवला, म्हणजे जन्म, नाव, नातं, घर, तिथे 'नाही' म्हणायला जागा ठेवा.

आर्किटेक्टचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. "जागा ठेवलीस तर आळशी लोक सगळीकडे 'माहीत नाही' निवडतील." निवडतील. पण ते मोजता येतील. कुठल्या शाखेतून ऐंशी टक्के 'माहीत नाही' येतंय हे दिसेल, फोन करता येईल. सक्तीच्या रकान्यात तेच आळशी लोक दहा वेळा नऊ टाकून मोबाईल नंबर भरतात, ते चालतं का?

एक कबुली देतो. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच प्रोजेक्टमध्ये मीही वडिलांच्या नावावर 'किमान लांबी एक' लावली होती. फार अभिमान वाटला होता. सहा महिन्यांनी डेटा बघितला, तर शेकडो लोकांच्या वडिलांचं नाव होतं 'टिंब'. काहींच्या नुसती स्पेस, तीही लांबी एक म्हणून पास. ती टिंबं भरणाऱ्यांत कोण होतं, कुणाचे वडील सोडून गेलेले, कुणाला ते नाव लिहायचंच नव्हतं, मला कधीच कळणार नाही. मी त्यांना विचारायची सोयच ठेवली नव्हती.

शुक्रवारी शेवटी तह झाला. जन्मतारखेला युनियन, पालकांच्या नावाला निल आणि कारण, फ्लॅट नंबर ऐच्छिक. आडनावावर सोमवारी पुन्हा बसायचंय.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता मला जुलैत जन्मायला परवानगी मिळाली म्हण की."

अजून नाही मावशी. पण निदान आमच्या फाईलमध्ये मिळाली.