विश्लेषण : महिलांचा हृदयविकार उशिरा का कळतो?

साताऱ्यातील पाटण असो वा सांगलीतील जत, छातीत जळजळ झाली की घरातली बाई आधी पित्ताची गोळी घेते, हातातले काम उरकते आणि मगच कुणाला सांगते. हृदयविकार म्हणजे पुरुषांचा आजार, हा समज घरात आहे तसाच दवाखान्यातही आढळतो. त्याची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते.

आकडे काय सांगतात?

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१९ मध्ये जगभरातील महिलांच्या एकूण मृत्यूंपैकी ३५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) महिलांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षे उशिरा आल्याचे दिसले. म्हणजे धोका पुढे जातो, टळत नाही. पाळी थांबल्यानंतर तो वेगाने वाढतो.

लक्षणे वेगळी असतात का?

छातीत दुखणे हे महिलांमध्येही प्रमुख लक्षण आहे. मात्र त्यासोबत धाप लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, घाम येणे, कधी नव्हे इतका थकवा अशा तक्रारी त्यांच्यात अधिक दिसतात. म्हणून निदान पित्त, अशक्तपणा किंवा ‘टेन्शन’ असे होते. अँजिओग्राफीत मोठा अडथळा दिसला नाही तरी हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दोष असू शकतो.

या भागात धोका कशामुळे वाढतो?

रक्तदाब आणि मधुमेह ही मुख्य कारणे. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा महिलांमध्ये अधिक पटीने वाढतो. दुसरे कारण मिशरी. दात घासण्याच्या निमित्ताने सुरू झालेली ही भाजलेल्या तंबाखूची पूड पुढे दिवसातून अनेकदा लागते. पण ‘काही व्यसन आहे का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येते. मिशरी कुणी व्यसनात धरत नाही. चुलीचा धूरही हृदयाला घातक आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून या दोन जिल्ह्यांत ऊसतोडीला येणाऱ्या महिलांबाबत आणखी एक मुद्दा आहे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो.

गरोदरपणाची नोंद का महत्त्वाची?

गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने गेली असतील (प्रीएक्लॅम्प्सिया), तर पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. त्या काळात झालेला मधुमेहही असाच इशारा असतो. ही नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर असते. पण बाळाचे लसीकरण संपले की कार्ड कपाटात जाते. यंत्रणा बाईला आई म्हणून तपासते आणि बाळंतपणानंतर तिचा माग सुटतो. ३० वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरांत रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते. तिथे हे कार्ड दाखवले, तर धोका वीस वर्षे आधी ओळखता येईल.

झटका आल्यास काय करावे?

मिरज ही वैद्यकपंढरी आणि कराडही रुग्णालयांचे गाव. पण जत, आटपाडी किंवा कोयना खोऱ्यातील वाडीवरून तिथे पोहोचण्यात मोलाचा वेळ जातो. ईसीजीवर निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लवकरात लवकर द्यावे लागते. म्हणून १०८ ला फोन करावा आणि पहिला ईसीजी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच काढून घ्यावा. खर्चाच्या भीतीने थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत अँजिओप्लास्टी आणि बायपासचा समावेश आहे.

पित्ताची गोळी घेऊनही त्रास थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. ‘आता बरं वाटतंय’ असे ती म्हणाली, तरी घरच्यांनी तिला ईसीजीसाठी न्यावे.