कंडक्टरशी घातलेली हुज्जत

मंडळी, आज स्वतःचंच प्रगतिपुस्तक उघडतो. शेरा चांगला नाही.

गेल्या महिन्यात पाटोद्याहून बीडला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. अर्धं तिकीट मागितलं, तर कंडक्टर म्हणाला, "आधार कार्ड दाखवा." ते घरी विसरलं होतं. झालं! माझा आवाज चढला. "हे पांढरे केस दिसत नाहीत का? आयुष्य शिकवण्यात गेलं, आता अर्ध्या तिकिटासाठी खोटं बोलेन?"

तो चिडला नाही. जरा वाकून हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमच्यावर विश्वास आहे. पण चेकिंग आलं तर उत्तर मला द्यावं लागतं. आज पूर्ण तिकीट घ्या. सुट्टे नसतील तर बीडला उतरताना द्या."

तिकीट घेतलं, पण मांजरसुंब्यापर्यंत माझी बडबड चालूच. मागून एक पोरगा म्हणाला, "सरांनी कंडक्टरला कसं झापलं!" आणि दोघं-तिघं हसले. तेव्हा मात्र मान खाली गेली. याच पोरांच्या बापांना मी नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

आडमुठं गिऱ्हाईक म्हटलं की आपल्याला दारू पिऊन आलेला माणूस आठवतो. पण त्याला पुढच्या थांब्यावर उतरवता येतं. माझ्यासारख्या प्रतिष्ठिताचं काय करायचं? आम्ही वयाचा, पदाचा, ओळखीचा धाक घालतो. समोरच्याच्या अंगावर गणवेश आहे, तो उलट बोलणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. खरं तर हा भित्रेपणाच.

शिवाय, भांडण ज्या नियमावरून होतं तो त्या बिचाऱ्याने केलेला नसतो. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं. सवलती सरकारने दिल्या, चांगलंच झालं. पण वय तपासायचं काम कंडक्टरकडे आलं. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हाही सुट्ट्या पैशांवरून बोलणी त्यानेच खाल्ली.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. लक्ष्मण केवटे तिचे कंडक्टर. त्या गाडीचं लोकांनी कौतुकाने स्वागत केलं होतं. आता गाडी रोजची झाली आणि कौतुक संपलं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात गावोगावच्या गाड्या थांबल्या, तेव्हा तिची किंमत थोडे दिवस कळली. पुन्हा विसरलो.

कंडक्टरही कधी उर्मट असतात, हे मान्य. मग आगारात जाऊन लेखी तक्रार करावी, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून. तो आपला हक्कच आहे. पण चारचौघांत पाणउतारा करणं हा हक्क नव्हे. कामावरच्या सरकारी माणसावर हात उचलला तर कायदा आहे. रोजच्या टोमण्यांसाठी कोण पोलीस ठाण्यात जाणार?

दुकानात, बँकेत, फोनवर गिऱ्हाइकाला तोंड देणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांना मी त्या कंडक्टरची रीत सांगेन. आवाज खाली ठेवा, नियम कारणासह सांगा आणि समोरच्याला अब्रूने माघार घ्यायला वाट ठेवा. पण खरी शिकवणी आम्हा वडीलधाऱ्यांनाच हवी. ग्राहक राजा असेल, तर राजाने आधी स्वतःच्या जिभेवर राज्य करावं.

परवा तोच कंडक्टर भेटला. मी आधी कार्ड काढलं. "राहू द्या सर, ओळखतो की तुम्हाला," तो म्हणाला. "नाही, बघा. आणि त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणालो. तेवढं बोलायला मला पूर्ण तिकिटाहून जास्त मोजावं लागलं!

असो. तुमच्या हातून असं कधी झालंय का?