हे काम एकट्या संगणकवाल्यांचे नव्हे

सायबर गुप्तवार्ता हा विषय साध्या महाविद्यालयांत शिकवायला हवा, असे मी एका व्याख्यानात बोलून गेलो. पहिल्या रांगेतून लगेच आवाज आला, ‘हे इंजिनिअरांचे काम. बी. कॉम.च्या पोरांना त्यात काय कळणार?’ पाठोपाठ दुसरा: ‘आणि पोलिसांचा सायबर सेल कशाला आहे?’ टाळ्या दोघांनाही पडल्या. मला त्या खटकल्या.

सायबर सेलचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याचे उत्तर पुण्यातच आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, पैसे देऊ का? कॉसमॉस बँकेच्या बाबतीत चोरट्यांनी वाटेतच एक तोतया स्विच बसवला होता. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता, तोतयाच परस्पर ‘दे’ म्हणत होता. बनावट कार्डांवर २८ देशांत आणि इथे भारतातही मिळून साडेचौदा हजारांवर व्यवहार झाले, ८० कोटींहून अधिक रुपये गेले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात रवाना. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

फिर्याद चतुःशृंगी ठाण्यात नोंदवली गेली आणि पोलिसांनी आपले काम केले. इथल्या यंत्रांतून पैसे काढणारे सापडले, २०२३ मध्ये न्यायालयाने ११ जणांना शिक्षाही सुनावली. पण ही सगळी हातची माणसे. डोके कुणाचे होते? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसाठी काम करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०१९च्या अहवालात हा दरोडा उत्तर कोरियाच्या नावावर मांडला. निर्बंधांनी नाक दाबलेल्या राजवटीने पैसा उभा करायचा धरलेला हा रस्ता. पुण्याच्या ठाण्यात जी चोरी होती, ती तिथे आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न झाली.

त्याच सुमारास भारतीय बँकांच्या एटीएमसाठी बनवलेला एक घातक प्रोग्रॅम कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांच्या हाती लागला. त्याचाच भाऊबंद, डीट्रॅक, २०१९मध्ये कुडनकुळम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकात निघाला. अणुभट्टीची नियंत्रणयंत्रणा वेगळी होती म्हणून निभावले. २९ ऑक्टोबरला अणुकेंद्राने असा हल्ला शक्यच नाही म्हणून सांगितले, ३० तारखेला अणुऊर्जा महामंडळाने संगणकात शिरकाव झाल्याचे मान्य केले. एटीएममधला चोर आणि अणुकेंद्रातला घुसखोर एकाच गोतातले निघाले, हे ताडणे ठाण्यातल्या डायरीचे काम नाही. पोलिसांनी झालेला गुन्हा शाबीत करायचा असतो. पुढचा घाव कुठे पडेल, हे ओळखणारे लोक वेगळे घडवावे लागतात.

आता इंजिनिअरांचा मुद्दा. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या फेब्रुवारीत रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने आपल्या वीजयंत्रणेत चिनी गटाचा वावर असल्याचे सांगितले. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात होते. तरी राज्य सरकारने घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हणून सांगितले. एक अंधार, दोन सरकारे, दोन निदाने! इथे कोड लिहिता येऊन काय उपयोग? इथे हवा पुरावा तोलणारा माणूस. तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवावा, हे कौटिल्याने लिहून ठेवले आहे. आपण मात्र बातमीच्या एका मथळ्यावर युद्ध पुकारतो.

आमच्याकडे या विषयावरच्या भाषणात शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक हटकून येतात आणि पुढच्याच स्लाइडवर फायरवॉलचे चित्र. अहो, बहिर्जी कुलपे बनवत नव्हते. सुरतेत कुणाच्या वाड्यात काय आहे, हे त्यांना ठाऊक होते. तेच ज्ञान आज हवे: मँडरिन आणि कोरियन वाचणारे, वीजकेंद्राची पाळी केलेले, बँकेचा ताळा जुळवणारे.

‘हे शिकवले तर सरकार आपल्याच लोकांवर पाळत ठेवील’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा खासगीपणाचा निकाल अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात हवा. पण ज्याला पाळत कशी चालते हेच कळत नाही, तो तिच्याविरुद्ध न्यायालयात बोलणार काय?

त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. बी. कॉम.चे दुसरे वर्ष, कोडिंगचा गंध नाही. त्याला मी कॉसमॉसची हकिगत सांगितली आणि विचारले, तू असतास तर चोरी कशी ओळखली असतीस? त्याने क्षणभर विचार केला. ‘सर, तोतयाच हो म्हणत होता ना? म्हणजे ग्राहकांच्या खात्यातून काहीच वजा झालं नसणार. आणि तिकडे कार्ड कंपनीला द्यायची रक्कम वाढतेय. ताळा बसणारच नाही.’