खोडदच्या दुर्बिणीचे संशोधन: आधी खुले, मग छापील

जुन्नर आणि आंबेगाव परिसरात विखुरलेल्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपलेली स्पंदक ताऱ्यांची निरीक्षणे २९ जून २०२३ रोजी जगभर चर्चेत आली. अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडणारे युरोपीय व भारतीय गटांचे शोधनिबंध, छापील अंकाची वाट न पाहता, 'अर्काइव्ह' या १९९१ पासूनच्या मुक्त संग्रहात ठेवण्यात आले. तेथे तज्ज्ञ-समीक्षेची अट नसते. त्यामुळे वेग मिळतो, तशी जोखीमही वाढते. मार्च २०१४ मध्ये 'बायसेप-२' प्रयोगाचा गाजलेला दावा असाच खुला झाला. पुढे तो संकेत मुख्यतः आकाशगंगेतील धुळीचा ठरला. मात्र ही चूक इतरांच्या उघड छाननीतूनच उजेडात आली. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी 'शोध' न म्हणता 'पुरावा' असाच शब्द वापरला, हे म्हणूनच महत्त्वाचे.

दुर्बिणीला रेडिओ व्यत्यय नको म्हणून या भागात उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही त्यामुळेच अडला. ही किंमत मोजणाऱ्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना निबंध विनामूल्य वाचता येणे न्याय्यच आहे. मात्र 'समीक्षा बाकी' असल्यास तसे ठळकपणे सांगण्याची जबाबदारी शास्त्रज्ञांइतकीच वृत्तपत्रांचीही आहे.